कुंपणावरचा डबा

चॅनकाका गेल्याचं त्यांच्या मुलीनं, लिंडानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी पापाकुरा स्टेशनवर ऑफिसला जायच्या गाडीची वाट पाहत होतो. गाडी आली, गेली... मी बाकावर बसूनच राहिलो. त्याला आता दीड महिना होईल.

आमच्या शेजारचं घर त्यांचं आणि त्यांच्या पलीकडचं ग्रॅहमचं. ग्रॅहम गोरा, निवृत्त इलेक्ट्रिशियन. चॅनकाकांचा जन्म इथलाच, वडिलांचाही. आजोबा चीनमधून आले ते फक्त चिन्यांवर लादलेली डोईपट्टी भरून, आणि जन्मभर भाजीचे मळे करत राहिले. काकांनी चीन एकदाच पाहिला, टूरबरोबर, आणि तिथल्या चहाला नावं ठेवत परतले! त्यांच्या आणि ग्रॅहमच्या कुंपणाच्या खांबावर आइस्क्रीमचा एक जुना डबा असायचा. काका त्यात परसातली कोवळी पालेभाजी ठेवायचे आणि ग्रॅहम तो आपल्या झाडाच्या फिजोआ फळांनी भरून परत करायचा. मोसम नसला तर बायकोनं केलेली बिस्किटं. भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्यासारखीच त्यांचीही रीत, आणि ग्रॅहमला ती काकांनीच शिकवलेली. चाळीस वर्षं हे चाललं होतं.

मग टीव्हीवर रोज चीनच्या युद्धनौका आणि चीनचे हेर दिसू लागले. एका रविवारी मी काकांच्या परसात उभा असताना ग्रॅहम कुंपणाशी आला. काकांना तो केन म्हणायचा.

"उद्या खरंच जुंपली, केन, तर तू कोणाच्या बाजूनं?"

काकांना चेष्टा वाटली. "रग्बीला मी इथल्याच संघाची काळी जर्सी घालतो, दिसत नाही का, मेट?"

"मी सीरियसली विचारतोय."

मला बरं वाटावं म्हणून ग्रॅहम वर म्हणाला, "तुम्हा इंडियन लोकांचं वेगळं हं!" जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात, मला सुपात बसूनही हसू येईना. संतापानं कान तापले होते.

पुढच्या आठवड्यात डबा परत आला. स्वच्छ धुतलेला, रिकामा. काका तो कितीतरी वेळ हातात धरून होते. "वडील सांगायचे, गोरा कितीही गोड बोलला तरी तू त्याच्या लेखी पाहुणाच," ते म्हणाले. "त्यावरून मी त्यांच्याशी जन्मभर भांडलो रे..." त्यांनी डबा खांबावर ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी वाफ्यांकडे पाहिलंच नाही. भाजी फुलावर आली, पिवळी पडली, आणि आठच महिन्यांत हृदयानं दगा दिला.

अंत्यविधीला ग्रॅहम आला होता. मागच्या रांगेत उभा राहून लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी खांबावरचा डबा फिजोआंनी शिगोशीग भरलेला दिसला. घरात ते घ्यायला कोणी नव्हतं.

गेल्या शनिवारी लिंडा घर आवरायला आली. फळं सडून काळी पडली होती. तिनं ती बापाच्या वाफ्यात ओतली, डबा नळाखाली घासून धुतला, कोरडा पुसला.

"काहीतरी घाल त्यात, लिंडा," मी म्हणालो. "अगदी दोन बिस्किटं."

"डॅडनी घातलं ना इतकी वर्षं," ती म्हणाली, आणि डबा तसाच रिकामा खांबावर ठेवून आत गेली.