वाढलेली अंगठी

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधावर गांधीलमाशी चावली आणि माझं बोट एवढं सुजलं, की नवऱ्यानं पत्रा कापायच्या कात्रीनं माझी लग्नाची अंगठी कापून काढली. सूज उतरल्यावर मी ती घेऊन अहेरीच्या बाजारात, दागिने दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या चाचांकडे गेले.

"चाचा, अंगठी तुटली," मी म्हटलं.

त्यांनी हातातली फुंकणी खाली ठेवली. "बाई, लग्नाच्या वस्तूले तुटली म्हणत नाई. वाढली म्हणाव."

मला रागच आला. बांगडी फुटली की वाढली म्हणायचं, हे काय मला ठाऊक नव्हतं? "वाढली कुठी? नवऱ्यानं कापली!"

चाचा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी माझं बोट मापलं. इतक्या वर्षांच्या शेतकामानं पेर जाड झालं होतं. "जुन्या मापात जोडली तर पुन्हा फसन," ते म्हणाले. माझ्या कानातल्यांपैकी एक कधीच हरवलं होतं. उरलेलं एका कानात होतं, ते त्यांनी मागून घेतलं. त्यातलं तांदळाच्या दाण्याएवढं सोनं कापून, फुंकणीनं ज्योत फुंकत त्यांनी ते अंगठीच्या फटीत बसवलं. घासूनपुसून हातात दिली, तेव्हा सांधा कुठे होता, ते मलाच सापडेना. म्हाताऱ्या बोटांत एवढी नजाकत मी पाहिली नव्हती. अंगठी पेरावरून अलगद सरकली.

घरी नवऱ्यानं चोरट्यासारखं विचारलं, "जुडली का?"

मी हात त्याच्या नाकासमोर धरला. "वाढली."