कललेली चांदणी

बाजारात त्याला सगळे भिंगोबा म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे; पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जुन्या नाण्यांच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तो ज्या दुकानात नोकरीला होता, त्याच्या मागच्या खोलीत खिडकीला लागून त्याचं टेबल होतं. त्यावर मान वळवता येणारा दिवा, एक मऊ कापड आणि डोळ्याला लावायचं भिंग. कुणी नाणं घासूनपुसून लखलखीत करून आणलं की भिंगोबाचा पारा चढायचा. आंघोळ घालून आणलंत, आता पावडरही लावायची होती, असं तो सुनवायचा.

त्याचं सगळं लक्ष नाण्यावरच्या सालाच्या आकड्याखालच्या इवल्याशा खुणेवर असायचं. नाणं कोणत्या टांकसाळीत पाडलं ते ती खूण सांगते. कुणाचा ठिपका, कुणाची चौकट, कुणाची चांदणी. चांदणीची टांकसाळ लवकर बंद पडली, म्हणून तिची नाणी दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हटलं की लबाडी आलीच. साध्या नाण्यावर कोरून चांदणी उठवणारे कारागीर असतात. त्यांना पकडायचं कसं, हे तो येईल त्याला ऐकवायचा. पूर्वी ही खूण नाणी पाडायच्या पोलादी ठशावर हातानं ठोकायचे. ठोकताना ती वाकडी बसली किंवा दोनदा उमटली, तर त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तीच चूक यायची, केसाचाही फरक नाही. माणूस मात्र जितक्या चांदण्या कोरेल तितक्या वेगळ्या होतील. हात कधी स्वतःची नक्कल करत नाही, असं म्हणून तो स्वतःवरच खूश व्हायचा.

त्याचा दादा कोरीवकाम करायचा. भांड्यांवर नावं, अंगठ्यांवर अक्षरं. दादाची सगळी अक्षरं किंचित डावीकडे कलायची, डुलकी लागल्यासारखी. धाकट्याला पहिलं भिंग दादानंच आणून दिलं होतं. तोच दादा एक दिवस या खोलीत एक नाणं घेऊन आला. भंगारवाल्याच्या डब्यात सापडलं म्हणाला. दुकानदार आणि बाजारातली चार माणसं समोर बसलेली. सालाखाली चांदणी होती आणि ती डावीकडे कललेली होती. भिंगोबाचं तेव्हा नुकतं कुठे नाव होऊ लागलं होतं. भावाला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये, या धास्तीनं त्यानं नाणं टेबलावर टाकलं, खोटं आहे म्हणाला, आणि कुणी कोरलंय तेही सांगून मोकळा झाला.

"छोट्या, भिंगातून बघ एकदा," दादा म्हणाला.

"तुझा हात ओळखायला मला भिंग लागत नाही."

दादानं नाणं उचललं आणि निघून गेला. त्यानंतर बाजारात कुणी त्याला काम दिलं नाही. किल्ल्या बनवून त्यानं दिवस काढले आणि शेवटी छातीच्या दुखण्यानं गेला. निरोप आला तेव्हा भिंगोबा गेला नाही. राग अजून उतरला नव्हता, आणि वहिनीला तोंड कोणतं दाखवायचं हाही प्रश्न होता.

मग नाणी यायला लागली. पहिलं एका शिंप्यानं आणलं. सालाखाली चांदणी, डावीकडे कललेली. भिंगोबाच्या अंगावर सर्रकन काटा आला. माणूस गेला आणि हात मागे फिरत राहिला. पुढे अशी नाणी अधूनमधून येतच राहिली, दर वेळी वेगळ्याच घरातून. ती त्यानं कधी भिंगाखाली धरली नाहीत. त्या चांदणीकडे जवळून बघणं म्हणजे दादाच्या डोळ्याला डोळा भिडवणं. निकाल क्षणात लागलेला असायचा, तरी तो नाण्याच्या मालकाला उद्या या म्हणून सांगायचा आणि नाणं टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिवसभर शेजारी काम करत बसायचा.

सुरुवातीला तो नाण्याला शिव्या घालायचा. किती कोरून ठेवलीस रे, असं विचारायचा. मग वर्षं गेली, रागाला गंज चढला आणि त्याची बडबड बदलली. आलास, असं म्हणून तो नाणं खाली ठेवायचा आणि पाठ कशी दुखते, दुकानदार कसा चिक्कू झालाय, हे त्याला सांगत बसायचा. बरेच दिवस असं नाणं आलं नाही की खोली त्याला खायला उठायची. दुसऱ्या दिवशी मालक आला की खोटं आहे म्हणून परत. त्याला दादाची भीती वाटायची आणि तो दादाची वाटही बघायचा.

एका दुपारी वहिनी आली. कोपऱ्यात त्या दिवशीही एक नाणं होतं, सकाळी कुणी ड्रायव्हर देऊन गेलेला. ती बसली नाही. तिनं रुमालाची गाठ सोडून आपलं नाणं दिव्याखाली ठेवलं.

"भाऊजी, हे तेच. घर आवरून मी आता मुलीकडे राहायला चाललेय. त्या दिवशी तुम्ही भिंग लावलं नव्हतं. आज लावा, म्हणजे मी जाते."

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. त्यानं भिंग लावलं. चांदणी कललेली, खालचं टोक बोथट. त्या टोकापासून काठापर्यंत केसासारखी एक रेघ गेलेली, आणि ती वर उठलेली. कोरणाऱ्याच्या हातून रेघ खाली जाते. अशी उठलेली रेघ ठशालाच तडा गेल्याशिवाय येत नाही. त्यानं कोपऱ्यातलं नाणं ओढून भिंगाखाली धरलं. तेच बोथट टोक, तीच रेघ, काठाजवळ तिला तोच बाक. शिंप्याचं नाणंही असंच असणार, त्यानंतरची सगळीही. जगाला जे ऐकवत आला, ते त्यानं स्वतःला एकदाही ऐकवलं नव्हतं.

"काय दिसतंय?" वहिनीनं विचारलं.

"दादाचा हात नाही," तो कसाबसा म्हणाला. "टांकसाळीतच चांदणी अशी बसली होती. नाणं खरं आहे, वहिनी."

"मला ठाऊक होतं. बाहेर दुकानात माणसं बसलीत, त्यांना सांगा. तेव्हाही माणसांसमोरच बोलला होतात."

तो बाहेर गेला आणि त्यानं सांगितलं. कोण म्हणालं होतं, कुणाला म्हणालं होतं, सगळं. त्या दिवशीच्या माणसांपैकी फक्त दुकानदार उरला होता. तो खाली मान घालून ऐकत राहिला. बाकीच्यांनी, कोण दादा, असं विचारलं. वहिनीनं नाणं पुन्हा रुमालात बांधलं आणि पायऱ्या उतरून गेली.

तो आत येऊन बसला. ड्रायव्हरचं नाणं दिव्याखाली तसंच होतं. उद्या तो आला की या वेळी खरं आहे म्हणून सांगायचं, असं भिंगोबानं ठरवलं. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, आलास? मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं दिवा बंद केला. इतक्या वर्षांत दादा एकदाही आला नव्हता.