पाण्याची सोय : आहे

"हात काढ तिथून," घरमालकीण म्हणाली. "नळाला शिवायचं न्हाई. बादली खाली ठेव, मी वरून ओतते."

मी बादली खाली ठेवली. एकोणीस वर्षांची घोडी मी, कॉलेजात जाणारी, आणि निमूट बाजूला सरकले. तिनं तांब्यानं पाणी ओतलं. मग नळाची तोटी धुतली, माझा हात लागला होता ना. आजबी आठवलं की तोंड कडू होतं.

दोन दिवसांआधी याच नळावर मी धुणं धूत होते. मावशी म्हणायचे मी तिला. ती मला लोणचं द्यायची. खोली देताना तिनं आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरनं पडलेलं, कुणाचंबी असू शकतं. "म्हणजे आपल्यातलीच," ती म्हणाली. मी गप बसले. नांदेडात त्याआधी चार दारांतून परत आले होते, आम्ही बौद्ध हे खरं सांगून. पाचव्या दारात तोंड उघडलंच न्हाई.

पण माझी अक्कल बघा. होस्टेलला नंबर न लागलेल्या आमच्या पोरापोरींना सरकार खोलीचं भाडं देतं. त्याला घरमालकाची सही लागते. आई किनवटकडं कापूस वेचायला जाते. ही मदत मिळाली न्हाई तर बी.एस्सी. सोडून मीबी तिच्या शेजारी वाकणार. म्हणून कागद नेऊन मावशीच्या हातात दिले. वरच ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी'. तिनं वाचलं. चष्मा काढला.

"आधी सांगायचं ना गं."

सही केली. रिकामी खोली तिलाबी परवडत नव्हती. पण कागद हातात न देता पायरीवर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मला नळ बंद.

आणि मी ते गिळलं. तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू, असं स्वतःला सांगत तीन आठवडे गिळलं. तिची किळस यायची. माझी त्याहून लई यायची.

तपासणीला ऑफिसातून साहेब आले. खोली खरंच हाय का, मी राहते का, ते बघायला. मावशीनं त्यांना सोफ्यावर बसवून चांगल्या कपात चहा दिला. नेमकं तेव्हाच नळाला पाणी आलं. तिनं त्यांच्या देखत मला वरून ओतलं. साहेबांनी नीट बघितलं. मग मान खाली घालून फॉर्म भरत राहिले.

फाटकापाशी आले तसे हळूच म्हणाले, "मीबी आपल्यातलाच हाय, पोरी. गप र्‍हा. दोन वर्षं काढ कशीबशी."

हा माणूस आत्ता त्या कपातून चहा पिऊन आला होता, गप राहून, अगदी माझ्यासारखा. म्हणजे शिकायचं, साहेब व्हायचं, आणि तरी तोंड शिवूनच बसायचं? मग मी शिकून राहिले कशासाठी?

फॉर्मवर माझी सही राहिली होती. 'पाण्याची सोय' याच्यापुढं त्यांनी 'आहे' लिहिलेलं.

"साहेब, नळ हाय, पण जात बघून पाणी वरून ओततात, असं लिहा."

"येडी हाय का तू? अर्ज अडकंल. भाडं बुडंल तुझं."

"अडकू द्या."

"मला न्हाई जमणार."

मी त्यांच्या हातातला पेन घेतला. सहीच्या वर मोकळी जागा होती. तिथं सगळं लिहिलं, मालकिणीच्या नावासकट, आणि खाली सही ठोकली. ती दारातून विचारत होती, काय लिहून राहिली म्हणून. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. साहेबांनी वर बघितलंच न्हाई.

अर्ज अजून लटकलाय. भाड्यासाठी संध्याकाळी दोन घरी शिकवण्या घेते. खोली सोडली न्हाई. भाडेकरार अकरा महिन्यांचा हाय, नळाच्या वापरासकट, आणि त्याच्यावर तिचीच सही हाय. रोज सकाळी मी माझ्या हातानं नळ उघडते. ती मागाहून धुते. धुवू दे, हात झिजेपर्यंत धुवू दे.

मुदत संपली की दुसरी खोली बघीन. चप्पल काढायच्या आधी सांगीन मी कोण ते. दार लावायचं त्यानं तिथंच लावावं. गप बसून मिळालेलं छप्पर मला पुन्हा नको.