प्लूटोचं टेंगूळ

नव्वद सालच्या सुमारास सावेडीतल्या फोटो स्टुडिओत टचिंग करणारे एक म्हातारे होते. नाव मी कधी विचारलं नाही. खिडकीशी बसून ते निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचे आणि लग्नाच्या मुलींचे तीळ, वांग, फोड घालवायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. तिथल्या प्रदर्शनासाठी मी त्यांच्याकडे मासिकातला प्लूटोचा धूसर फोटो मोठा करायला दिला. त्यात कडेला फुगवटा होता, तोच प्लूटोचा चंद्र. मिळाला तो गुळगुळीत, गोल प्लूटो.

“चंद्र कुठंय?”

“टेंगूळ हुतं, काढलं.”

मी सांगितलं, तिथं बर्फच बर्फ आहे, तो चंद्र प्लूटोकडं कधी पाठ करत नाही, आणि शोधणाऱ्यालाही आधी फोटोच बिघडलाय असं वाटलं होतं.

त्यांनी चष्मा पुसला. “मंग आमी आजवर लई चंद्र काढले म्हणायचं.”

आमच्या लग्नाचे फोटोही त्यांच्याच हातचे. घरी येऊन भिंतीवरचा फोटो नीट पाहिला. बायकोच्या हनुवटीवरचा तीळ त्यात नव्हता. तिला तसं सांगितलं.

“आज दिसलं व्हय तुम्हाला?” ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.