आतून लावलेली कडी

मुलीची दहावी संपली त्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोन मुक्कामांसाठी चिखलदऱ्याला जायचं ठरवलं. नवऱ्याने खोली बुक केल्याचं सांगितलं तेव्हा मी ओट्याशी मेथी निवडत होते. आनंद व्हायचा तर मला काळजीच लागली. आमच्याकडे दोन ससे होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात ससे घरी ठेवून जायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

आमचा पहिला ससा उन्हानेच गेला होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी नोकरीवरून दुपारी घरी परतले तर लाइन गेलेली, कूलर बंद. तो फरशीवर पसरून पडला होता. कान हाताला चटका देत होते. ओल्या फडक्यात गुंडाळून मी त्याला रिक्षात घेतलं, पण डॉक्टरांकडे पोचायच्या आधीच त्याची मान माझ्या हातावरून खाली गेली. मुलगी आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिने मला दोष दिला नव्हता, पण मीच तो घेतला होता.

पुढे एका ओळखीच्या बाईंनी ही जोडी दिली. एक पांढरी आणि एक भुरा. त्यांच्यासाठी मी आतली छोटी खोली रिकामी केली. खिडकीत कूलर, जमिनीवर सुकं गवत, आणि दुपारी फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून ठेवायच्या. ससे त्यांना अंग टेकून बसायचे. सशाने अर्धा दिवस खाल्लं नाही तर त्याचं पोट थांबतं आणि मग तो वाचणं कठीण, हेही मला डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. त्यामुळे दिवसातून चार वेळा मी त्यांच्या लेंड्या बघायची. दोन वर्षं आम्ही मुक्कामाला कुठे गेलोच नव्हतो.

शहराबाहेर वाडीकडे एक जण सुट्टीत लोकांची जनावरं सांभाळतो असं कळलं, म्हणून आम्ही बघायला गेलो. टिनाचं शेड होतं. चार कुत्रे एकसारखे भुंकत होते आणि कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात कोणाचा तरी ससा भिंतीला चिकटून बसला होता. मी दारातूनच मागे फिरले. बुटीबोरीला माझी धाकटी बहीण राहते, पण तिच्या घरी मांजर. शेवटी राहिल्या खालच्या काकू.

आमची चार घरांची इमारत आहे. तळमजल्यावर काकू एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. तीस वर्षं कॉलनीत काढून, यजमान गेल्यावर त्या इथे आल्या. वय अडुसष्ट, बीपीची गोळी चालू, मुलगा पुण्याला. कोथिंबिरीच्या काड्या जमवून त्या आमच्या सशांना आणून द्यायच्या. मी विचारलं तेव्हा त्या पापड वाळत घालत होत्या.

"ठेव ना. दोन ससेच आहेत, वाघ थोडीच आहेत," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सूचना लिहून दिल्या. चार पानं झाली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय वं, मी परीक्षा देऊन राहिली का?"

मी हसले, पण पानं परत घेतली नाहीत. पहिली सूचना मी लाल शाईने लिहिली होती. आत गेल्याबरोबर बाहेरच्या दाराची कडी आतून लावायची. भुरा फार चपळ होता, पायांतून निसटून जिन्यावर जायचा. दुसरी सूचना, सकाळी सातला कूलरमध्ये पाणी भरायचं. काकूंनी मान डोलावली आणि आमची किल्ली पदराला बांधली.

शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. संध्याकाळी फोन केला तेव्हा काकूंनी उचलला. "खाऊन राहिले, मस्त आहेत. तू फिर." मला थोडं हायसं वाटलं. मुलीने तळ्याकाठी मक्याचं कणीस खाल्लं, नवऱ्याने फोटो काढले. मी पण एका फोटोत हसलेली आहे.

शनिवारी सकाळी आठला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आंघोळ करत असतील, म्हणून सोडून दिलं. साडेआठला परत लावला, नऊला लावला. आमच्या खोलीत रेंज नीट यायची नाही, म्हणून मी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून सलग सात वेळा लावला. दर वेळी घंटी जात होती आणि कोणी उचलत नव्हतं.

नवरा मागून आला. "तू काहून इतकी घाबरून राहिली? म्हातारं माणूस आहे, फोन कुठं तरी ठेवला असन."

"त्या सातला वर जातात. नऊ वाजून गेले. मी उचला म्हणून बजावलं होतं."

"लाइन तर गेली नसन?" मुलीने विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नव्हतं. तिचा चेहरा मी दोन वर्षांपूर्वी पाहिलेला तोच होता.

मग मला काही सुचेना. डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं. बंद कूलर, तापलेली खोली आणि फरशीवर पसरलेले दोघं. काकूंना काही झालं असेल हे माझ्या मनात आलंच नाही. मला वाटलं, त्या विसरल्या. भजनाला गेल्या, कोणाकडे बसल्या, आणि सशांचं विसरल्या. मी तिथे उभी राहून त्यांच्यावर चिडतसुद्धा होते.

इमारतीतली बाकीची दोन्ही कुटुंबं सुट्टीला गावी गेलेली. अकरा वाजता मी बहिणीला फोन केला. तिचा नवरा ड्यूटीवर होता. तिने एक शब्द न विचारता स्कूटर काढली आणि त्या उन्हात तोंडाला ओढणी बांधून बुटीबोरीहून निघाली. आम्ही इकडे बॅगा भरल्या. घाट उतरताना मी दर वळणावर फोन बघत होते. रेंज एक काडी यायची, जायची. मुलगी मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती.

पुढचं सगळं बहिणीने मला नंतर सांगितलं. ती साडेबाराला पोचली. काकूंच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. वर आमच्या दाराशी आली तर आतून कूलरचा आवाज येत होता, जोरात, व्यवस्थित. तिला वाटलं, चला, सगळं ठीक आहे, काकू बाहेर गेल्या असतील. ती जिना उतरायलाच निघाली होती. मग तिला दाराशेजारी काकूंच्या चपला दिसल्या.

तिने दार वाजवलं. हाका मारल्या. तिच्याकडची जादा किल्ली लावली तर दाराचं लॅच उघडलं, पण दार हलेना. आतून कडी होती. ती धावत खाली गेली आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला घेऊन आली. मागून त्याची बायकोही आली. त्याने तीन-चार वेळा खांदा दिला तेव्हा कडीचे स्क्रू उखडून दार उघडलं.

काकू सशांच्या खोलीत जमिनीवर होत्या. बादली कलंडलेली, खाली सगळं पाणी, आणि एक पाय विचित्र वळलेला. सकाळी साडेसातला कूलरमध्ये पाणी टाकताना ओल्या फरशीवर पाय घसरला होता. फोन खाली त्यांच्या घरात चार्जिंगला लावलेला. त्या साडेपाच तास तशाच पडून होत्या. सुरुवातीला ओरडल्या, पण कूलरच्या आवाजापुढे त्यांचा आवाज दारापर्यंतही गेला नसेल. कडीपर्यंत सरपटत जायचा त्यांनी प्रयत्न केला होता. वीतभर सरकल्या आणि वेदनेने शुद्ध हरपली.

यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही परतवाड्याच्या अलीकडे होतो तेव्हा बहिणीचा फोन लागला. नवरा गाडी चालवत होता, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला होता.

"ताई, काकू पडल्या. तुझ्या घरातच. पाय मोडला असं वाटते. मी ॲम्ब्युलन्स बोलावली."

"आणि ससे?" मी म्हणाले.

फोन कटला असं मला वाटलं.

"ताई, काकू सकाळपासून पडून होत्या असं म्हणून राहिली मी," ती हळू म्हणाली. मग म्हणाली, "ससे आहेत. बरे आहेत."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि परत रस्त्याकडे. मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. त्या गाडीत मला तोंड लपवायला जागा नव्हती. मनातली भीती मात्र कमी व्हायची सोडून तिथून खरी सुरू झाली. सकाळपासून मी चुकीच्या जिवासाठी घाबरत होते आणि ज्या बाईसाठी घाबरायला हवं होतं तिच्यावर चिडत होते. त्या मेल्या तर? माझ्या घरात, मी लाल शाईने लिहिलेल्या कडीच्या आत?

त्यांच्या मुलाला फोन मलाच करावा लागला. अमरावती ओलांडताना केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आई तुमच्या घरी काय करत होती?"

मी सांगितलं.

"सशांसाठी?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी "हो" म्हणाले. तो म्हणाला, मी निघतो, आणि फोन ठेवला.

दिवस मावळायच्या आत आम्ही सरळ दवाखान्यात पोचलो. काकूंचा चेहरा उशीवर एवढासा झाला होता. मी जवळ गेले तर त्यांनी डोळे उघडले. मी काय बोलायचं ते वाटभर ठरवलं होतं, पण त्याच आधी बोलल्या.

"कूलरचा पंप बंद केला का वं?" त्या म्हणाल्या. "पाणी संपलं असन. जळून जाईन तो."

डॉक्टरांनी खुब्याचं हाड मोडल्याचं सांगितलं. ऑपरेशन करावं लागेल, पण बीपी चढलेलं, वय झालेलं, भूल देण्यात धोका आहे. आधी दोन दिवस बघू. ते दोन दिवस मी त्या बाकावर कसे काढले ते मला नीट आठवतही नाही. नर्स दारात आली की मी उभी राहायची. तिसऱ्या माणसाला आवाज दिला तरी उभी राहायची. काकूंचा मुलगा पुण्याहून आला, माझ्याशी सभ्यपणे बोलला, चहा घेता का म्हणून विचारलं. त्याने चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

घरी मुलगी सशांकडे बघत होती. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायची माझी हिंमत होईना. फरशी तिने पुसून काढली होती. पांढरी गवतात बसून खात होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी लेंड्या न बघता दार लोटून घेतलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. तीन आठवड्यांनी काकू वॉकर धरून चार पावलं चालल्या आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता त्या परत यायच्या नाहीत असंच सगळे धरून चालले होते. मी रविवारी फोन करायची. दोन वेळा घंटी वाजून उचलला नाही की मी घाबरायची, आणि या वेळी ती भीती त्यांच्यासाठीच असायची.

दसऱ्याच्या आधी त्या परतल्या. "पुण्यात मले करमेना," एवढंच म्हणाल्या. मुलाने कामाला बाई लावून दिली होती. आठवडाभराने मी दुपारी खाली गेले. त्या पलंगावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी पण हातात शेंगा घेतल्या. अर्धी टोपली झाल्यावर मी त्यांना सांगून टाकलं. फोनवर पहिला प्रश्न मी काय विचारला ते, आणि सकाळी मी टपरीपाशी उभी राहून त्यांच्यावर कशी चिडले होते तेही.

त्यांचे हात थांबले नाहीत. त्या म्हणाल्या, "हे तू मले नसतं सांगितलं तरी चाललं असतं."

"मला राहवेना काकू."

"हव. तुले हलकं वाटलं असन." त्यांनी एक शेंग उलटून बघितली, किडकी होती, बाजूला टाकली. "मले नाही वाटून राहिलं. मी तिथं पडल्या पडल्या समजत होती का तू माझ्यासाठी फोनावर फोन करून राहिली असशीन. तेवढ्यावरच मी टिकली."

मी खाली बघून पुढची शेंग घेतली. त्यांनी मला जायला सांगितलं नाही. आम्ही टोपली संपेपर्यंत शेंगा सोलत बसलो. मी उठले तेव्हा त्यांनी अर्धे दाणे वाटीत घालून माझ्या हातात दिले, मुलीसाठी, म्हणाल्या.