उद्या ओपीडी आहे

डॉक्टरांची मला भीती कधी वाटली नाही. किळस मात्र त्या रविवारी वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

बेळगावात, खासबागेतल्या एका मंगल कार्यालयात ॲक्युपंक्चरचा वर्ग भरला होता. बेळगाव-निपाणीकडचे डॉक्टर चिनी उपचारपद्धती शिकायला आले होते. सगळे पदवीधर, चालू दवाखान्यांचे मालक. शनिवारी शिकायचं, रविवारी पेशंटवर हात बसवायचा. पेशंट जमवायला लागणारं मराठी पत्रक मी लिहून दिलं. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली, सीमाप्रश्नाची, विणकरांच्या मोर्चांची. पत्रकात खोटा शब्द नसावा, एवढं मला लहानपणीच कळलं होतं. मी लिहिलं, 'प्रशिक्षण घेणारे डॉक्टर उपचार करतील.' छापून आलं, 'तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत उपचार.'

जाब विचारायला शनिवारी गेलो तर संयोजक हसले. "शिकाऊ म्हटल्यावर कोण येणार वो?"

आत शिक्षक सांगत होते, सुई योग्य जागी पोचली की जड वाटतं, ठणकतं. पेशंटला विचारत विचारत आत जायचं. "पण आधी स्वतःला कळू दे. जोड्या करा, एकमेकांच्या मनगटात घाला."

कुणी हललं नाही. पहिल्या रांगेतले एक डॉक्टर हात खिशात घालत म्हणाले, "सर, उद्या संध्याकाळी माझी ओपीडी आहे. हाताला काही झालं तर?"

सगळे हसले. तेवढ्यात चहा आला, आणि जोड्यांचा विषय चहाबरोबर संपला.

माझी आक्का वडगावात राहते. घरातच माग आहे. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत चालली होती. धागा तुटला की गाठ मारता येत नव्हती, आणि गाठ नाही तर माग बंद. ऑपरेशनला ती घाबरायची. पत्रक तिच्याही हाती पडलं होतं.

"आक्का, ते अजून शिकायलेत," मी सांगितलं.

"डॉक्टरच हायत न्हवं? तू मधी तोंड घालू नगंस."

रविवारी स्कूटरवरून तिला घेऊन गेलो. तिच्या वाट्याला तेच पहिल्या रांगेतले डॉक्टर आले. त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूला सुई टोचली.

"काही वाटतंय?"

"काय न्हाय वो."

आमच्याकडे डॉक्टरसमोर दुखतंय म्हणायला बायका लाजतात. एवढा शिकलेला माणूस, त्याचं मन कशाला मोडायचं, म्हणून 'बरं हाय' म्हणत उठतात. त्या डॉक्टरांकडे रोज अशाच बायका येत असणार. तरी ते म्हणाले, "म्हणजे अजून पोचली नाही," आणि सुई आणखी आत सरकवली.

"आता?"

"न्हाय." आक्कानं दुसऱ्या हातानं पदर पिळला होता. पायाची बोटं आखडली होती. डॉक्टर मनगटाकडे बघत होते, तिच्या तोंडाकडे नाही. सुई पुन्हा आत जाताना तिचं मधलं बोट ताडकन उडालं.

"सुई काढा," मी ओरडलो.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. काल तुम्ही स्वतःचा हात खिशात घातला, ते बघणारा आहे."

शिक्षक धावत आले. त्यांनी सुई हळूच काढली आणि आक्काला विचारलं, "खरं सांगा, कसं वाटलं?"

आक्का आधी डॉक्टरांकडे बघून ओशाळली. मग म्हणाली, "करंट बसल्यागत. बोटापातुर."

शिक्षकांचा चेहरा उतरला. "मज्जातंतूला लागली," ते डॉक्टरांना म्हणाले. "काल स्वतःच्या हातात घेतली असती तर कळलं असतं."

डॉक्टर हात पुसत म्हणाले, "बाईनं सांगायला नको?"

मी आक्काचा डावा हात धरून तिला उठवलं.

परतताना आक्का मागच्या सीटवरून मलाच झापत होती. "चारचौघांत डॉक्टरला असं बोलत्यात व्हय रं? काय म्हटलं असंल त्यास्नी!" हात मात्र तिनं मांडीवर जपून धरला होता.

घरी दाजींनी माग सुरू केला. थोड्या वेळानं धागा तुटला. आक्का सवयीनं वाकली, दोन्ही टोकं उचलली. एक खाली पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "लई बोलतोस न्हवं? हे बांध."

मी गाठ बांधली.

"सैल हाय," ती म्हणाली. "सोड. परत बांध."