नंबरावरून नाव

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि इतका मायाळूही नाही. उभी हयात तहसिलीच्या दप्तरखान्यात गेली. तिथं दोन रजिस्टरं: एकात नावावरून जमिनीचा नंबर काढायचा, दुसऱ्यात नंबरावरून नाव. दोन्हीकडून जुळलं तरच कागद खरा! ही सवय त्यांनी घरीही आणली. माझ्या लग्नाच्या बोलणीला मुलीकडून हेच आमच्या गावी, भीमपूरला आले. आमचं घर समोर, ओसरीवर माझे वडील उभे, तरी शेजारच्या म्हातारीला बोटानं दाखवून विचारतात, "या घरात कोण राह्यते वो, मावशी?" तिनं आमचं आडनाव घेतलं तेव्हा कुठं स्वारी चहाला बसली. मी तेव्हाच ओळखलं, हे प्रकरण सोपं नाही.

नव्वदचं दशक सरता सरता ते निवृत्त झाले आणि मी नोकरीला होतो त्या कॉलेजात नुकत्याच आलेल्या सर्व्हरचे कारभारी होऊन बसले, कारण त्या यंत्राला हात लावायला दुसरं कोणी धजत नव्हतं. जाडजूड इंग्रजी पुस्तकं पेन्सिलीनं खुणा करत वाचायचे. कॉलेजचं इंटरनेटवरचं पान त्यावरच, ई-मेलही त्यावरूनच. त्यांच्या लेकीनं पुण्याच्या एका संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी ई-मेलनं अर्ज पाठवला, तो तासाभरात परत. पुन्हा पाठवला, पुन्हा परत! पलीकडचं यंत्र म्हणे आमच्या सर्व्हरचा नंबर घेऊन विचारतं, हा नंबर कोणाच्या नावावर? आणि तशी नोंदच नव्हती. शुक्रवार शेवटचा दिवस. पोरगी रडकुंडीला आलेली, आणि साडू मात्र खूश!

"पाहा भाऊ, त्या यंत्रालेबी अक्कल हाय! मी जन्मभर काय सांगून राह्यलो?"

इंटरनेट देणाऱ्या हैदराबादच्या कंपनीनं ती नंबरावरून नावाची उलटी नोंद आमच्याकडेच सोपवलेली. साडूंनी मंगळवारी केली. अर्ज परत. बुधवारी तपासली, परत. गुरुवारी मी पुस्तक उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं की या नोंदीत टिंबांनी तोडलेल्या नंबराचे चारही तुकडे शेवटाकडून सुरुवातीकडे मांडायचे. त्याच ओळीखाली साडूंच्या पेन्सिलीची रेघ!

"तुमी वाचलं होतं ना? मग सरळ काऊन लिहिलं?"

"अरे, नंबर उलटा लिहिला तं माणूस सस्पेंड होते! पस्तीस वर्षं नोकरी केली, एक आकडा इकडचा तिकडं केला नाही मी."

दारात उभी पोरगी एवढंच म्हणाली, "बाबा, उद्या शुक्रवार हाय." साडूंनी खुर्ची पुढं ओढली, देवाची माफी मागावी तसं काहीतरी पुटपुटले आणि नंबर उलटा लिहिला. शुक्रवारी सकाळी अर्ज गेला तो परत आला नाही. मला त्या माणसाची इतकी माया आली म्हणून सांगू!

जूनमध्ये पोरगी पुण्याला गेली. पोचल्याचा फोन आला, तिनं खोलीचा नंबर सांगितला. फोन ठेवला आणि साडूंनी लगेच वसतिगृहाच्या कचेरीत फोन लावला. "सतरा नंबरच्या खोलीत कोण राहतं जी?" पलीकडच्या बाईंनी पोरीचं पूर्ण नाव वाचून दाखवलं. साडूंनी चष्मा काढला. "जुळलं," म्हणाले.

पुढं दोन वर्षं दर रविवारी तो फोन जायचा. त्या बाई शेवटी नंबर ऐकायच्या आधीच नाव सांगायला लागल्या. साडू ते पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मगच जेवायला बसायचे.